कोलंबोच्या डब्यातले चोवीस बोंबील

सकाळी पावणेनऊला खलील धनसे धापा टाकत जिना चढून वर आले. हातात रुमालाची पुरचुंडी होती. ती त्यांनी हफ्सा हुर्जुकच्या टेबलावर ठेवून गाठ सोडली. आत लाल लाखेचे चार तुकडे होते.

"हफ्साबी, माझी आणि चाळीस बायांची इज्जत या चार तुकड्यांत आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत कोसळले.

कोपऱ्यात बसलेल्या धर्मा म्हात्रेचा पाव चहात पडला. खालच्या बेकरीतला गरम पाव होता तो, त्यामुळे धर्माला दोन्हीचं वाईट वाटलं.

धर्मा म्हणजे एकतीस वर्षं पोलिसात काढलेला हवालदार. निवृत्त झाल्यावर त्याने रिक्षा घेतली आणि ती अलिबागमध्ये हफ्साच्या कार्यालयाखाली लावली. 'खासगी तपास' अशी पाटी लावणारी ही बेचाळीस वर्षांची बाई आधी मुंबईत जहाजांच्या विम्याची सर्वेक्षक होती. भिजलेला माल समुद्राने भिजवला की मालकाने बादलीने, हे शोधण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. धर्माची तपासाची पद्धत त्याहून सोपी होती. ज्याचा फायदा तो चोर. या पद्धतीने तो दर वेळी चहा संपायच्या आत निकालाला पोचायचा आणि दर वेळी चुकायचा, पण त्याच्या आत्मविश्वासाला म्हणून कधी ओरखडा पडला नव्हता.

"खलीलचाचा, आधी पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा," हफ्सा म्हणाली.

खलील धनसे मूळचे बोर्ली पंचतनचे, कोळंबीचे निर्यातदार. अमेरिकेने आयात शुल्क वाढवलं आणि त्यांचा धंदा आडवा झाला. दोन कंटेनर बंदरातूनच परत आले. कोळंबी सोलायची शेड बंद पडली. तिथे काम करणाऱ्या रेवदंड्याच्या चाळीस बायका घरी बसल्या.

"अमेरिकेनं दार लावलं, तेव्हा मी म्हटलं शेजारी कोण आहे ते बघू. कोलंबोला खत लिहिलं. तिकडेही तीच रड. त्यांच्या कपड्यांवर जकात बसलीय. दोन्हीकडचे सरकारी लोक म्हणाले, आपापसात काही जमवा. कोलंबोच्या आयातदारांची बाई आली, दिलिनी सेनाधीरा. तिला रेवदंड्याचे सुके बोंबील पसंत पडले. मैनाताईच्या महिला सोसायटीचा माल. चाळीस गोणी आता, आणि आवडला तर दर मोसमाला."

"मग लाख कसली?"

"दहा दिवसांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं नमुना निवडला. अर्धा तिच्या डब्यात, अर्धा आमच्या. दोन्ही डब्यांना सुतळी, वर लाखेची मोहर. आज ती येणार, दोन्ही डबे उघडणार, ते एकमेकांशी जुळले तरच नमुना धरायचा, मग गोणीतला माल त्याच्याशी पडताळणार आणि मग सही. आज सकाळी आमचा डबा उघडा सापडला. आत एक बोंबील नाही!"

"ती कधी येतेय?"

"बाराची बोट गेटवेवरून. माझा भाचा अदनान मांडव्याला गाडी घेऊन उभा राहील. दोन-सव्वादोनला रेवदंडा. आणि उद्या ती गुजरातला जातेय, दुसरा माल बघायला. आजचं आज झालं नाही तर संपलं."

हफ्साने एक तुकडा उचलून उजेडात धरला. लाखेच्या आतल्या बाजूला सुतळीच्या पिळाचा ठसा स्पष्ट उमटला होता.

"धर्मादादा, रिक्षा काढा."

"काढतंय. पण बाय, चोर कोण त्ये मी आत्ताच सांगतंय. सुकी मासली घेणारा त्यो परेश. सौदा मोडला तर बायांना परत त्याच्याच दारात जायला लागल."

"वा! म्हणजे मी नुसतंच फिरून येते."

धर्माला हा टोमणा आहे हे चौलच्या नाक्यावर लक्षात आलं.

*

रेवदंड्याच्या खाडीकाठी मैना नाखवाचं घर, त्याला लागून सोसायटीचं गोदाम आणि मागे किनाऱ्यावर बोंबलांच्या वलांडी. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यावर एकाखाली एक दोर ताणलेले असतात. ओल्या बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. मीठ नाही, काही नाही. नुसतं ऊन आणि वारा. पेणच्या मिठागरात वाढलेल्या धर्माला हा आपल्या पूर्वजांचा अपमान वाटे, पण खाताना तो ही गोष्ट विसरत असे.

गोदामापुढे मांडव घातला होता. मैनाचा मुलगा प्रज्योत शिडीवर उभा राहून कापडी फलक बांधत होता. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या चाकूने तो सुतळीचे तुकडे कचाकच कापून खाली टाकत होता. हफ्साने त्याला हाक मारली तेव्हा शिडीच हलली.

मैना पंचेचाळिशीची, ताठ कण्याची बाई. सणाचं लुगडं नेसली होती, पण डोळे सुजले होते.

"बाय, चार म्हैने या बाया घरात बसल्यात," ती म्हणाली. "सोलायची शेड बंद झाली तवा एकेकीनं कानातलं मोडून पोरांच्या फिया भरल्या. मी त्यांना शब्द दिलाय. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"डबा कोणी पाहिला पहिल्यांदा?"

"मीच. बंदरावरून लिलाव करून आली साडेसातला. पावणेआठला गोदाम उघडलं तं आतून मांजर पलाली. म्हटलं, झालं! डबा बघते तं उघडा."

"मांजरच असल मग!" धर्मा उत्साहाने म्हणाला. परेशला त्याने क्षणात सोडून दिलं.

हफ्सा गोदामात गेली. खिडकीला बारीक जाळी. दाराला एकच कुलूप. फळीवर पत्र्याचा डबा, झाकण शेजारी नीट ठेवलेलं. खाली जमीन स्वच्छ. ना काटा, ना डोकं, ना शेपूट. डब्याच्या तळाशी चुराही नव्हता. आणि डब्यामागे सुतळी होती, चार बोटांवर गुंडाळून लडी केलेली. हफ्साने ती उलगडली. सबंध होती, कुठेही कापलेली नव्हती.

"किल्ली कुठे असते?"

"घरात, पडवीच्या खुंटीवर. कोणालाबी मिलल."

भिंतीला चाळीस गोण्या रचल्या होत्या, भरल्या त्या क्रमाने आकडे घातलेल्या. प्रत्येकीचं तोंड बारीक, एकसारख्या टाक्यांनी शिवलेलं.

"टाके कोणाचे? सुरेख आहेत."

"आमच्या सासूबाईचे. आवडाबाई. परवा-काल बसून एकटीनं सगल्या गोण्या शिवल्या. दुसऱ्याचा हात लागू देत न्हाय."

हफ्साने सदतिसाव्या गोणीच्या कोपऱ्यातून आणि तिसऱ्या गोणीतून मूठ-मूठ बोंबील काढायला धर्माला सांगितलं आणि ते वर्तमानपत्रावर शेजारीशेजारी मांडले. धर्माने न्याहाळून पाहिले. तिसरीतले सगळे आ वासलेले, जबडा वाकडा. सदतिसावीतले तोंड मिटून गप्प, सरळसोट.

"हे हसतात न् हे रुसलेत," तो म्हणाला. "चवीला सारकेच आसतील. बघू का?"

"नका बघू," हफ्सा म्हणाली आणि पुडी बांधून पर्समध्ये टाकली.

*

रुचिता सोसायटीची सचिव. नवी मुंबईत शिकून आलेली, इंग्रजी पत्रव्यवहार तिच्याकडे. आजच्या समारंभासाठी तिने लांब नखांना मोरपंखी रंग लावला होता.

"ॲक्च्युअली मॅडम, मी सहा दहाला गोदामात आले होते. फोटो काढला, स्टेटसला टाकायला. हा बघा."

फोटोत डबा होता. सुतळीची गच्च गाठ, वर लाल लाख. मागचं गोदामही दिसत होतं, पण मांजर नव्हती.

"किल्ली परत खुंटीला लावलीस?"

"हो. तेव्हा घरात आवडाआजी होती, प्रज्योत होता. सातला खलीलचाचा चहाला आले. आणि हां, तेव्हाच परेशभाई पण आले, मिठाई घेऊन. मला तर तेव्हाच फिशी वाटलं."

"मासळीच्या गोदामात वाटणारच," हफ्सा म्हणाली. "नमुना निवडला तेव्हा तू होतीस?"

"हो ना. मॅडमनी दोरावरच्या चोवीस जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडी सोडवून एक त्यांच्या डब्यात, एक आपल्या. म्हणजे दोन्हीकडे सेम माल. आजी किती चिडली! म्हणे, जोडी मोडू नको, अपशकुन होतो. मी ते ट्रान्सलेट नाही केलं."

परेश शहा मांडवातच भेटला. खुर्ची ओढून, पाय पसरून, स्वतःच आणलेली मिठाई खात.

"जुओ बेन, खोटं नाही बोलणार. सौदा मोडला तर मला फायदा छे. वीस वरस या बायांचा माल मी घेतो. म्हणून सकाळी आलो, म्हटलं शेवटचं विचारून बघू. पण मला मोडायचं असतं तर चोरी कशाला? एक बालदी खारं पाणी गोणीवर मारलं की काम थई गयुं."

हफ्सा हसली. बादलीचा विषय तिच्या ओळखीचा होता.

"माल पाहिलात तुम्ही?"

"काल एक गोणी शिवायची होती, तेव्हा हात घातला. फर्स्ट क्लास! तोंडं पण मिटलेली, पाकिटातल्या मालासारखी. मला असा माल कधी दिला नाही हां यांनी."

प्रज्योत सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला. घरामागे त्याने पारदर्शक पत्र्याची सौर वाळवणीची खोली उभी केली होती. हफ्साने ती बघायला मागितली, तर म्हणाला, किल्ली सापडत नाही. किल्ल्यांचं जुडगं त्याच्या हातातच होतं.

"आत मासे कसे ठेवतोस? टांगून?"

"नाय, ट्रेवर. आडवे." त्याने कपाळ पुसलं. "मॅडम, डबा मी नाय उघडला. आईशप्पत."

"मी कुठे म्हटलं?"

तो तिथून जो सटकला तो फलकाचं दुसरं टोक बांधायचं विसरलाच.

*

उरली आवडाबाई. ती मागे तिसऱ्या वलांडीखाली पाट टाकून बसली होती. वय सत्तरीपुढचं, नाकात मोठी नथ, मांडीवर फाटकं जाळं. बोलता बोलता बोटं जाळं विणत होती. प्रज्योतने टाकलेले सुतळीचे तुकडे तिने गोळा करून आणले होते. एकेक तुकडा सरळ करून, चार बोटांवर गुंडाळून ती कमरेच्या पिशवीत ठेवत होती.

"नवा पोर हाय, सुतली कापतं," ती पुटपुटली. "आरं, गाठ हाय तं सोडावी. बोटं कशाला दिलीत देवानं?"

"आजी, आज समारंभ आणि तुम्ही इथे उन्हात?" हफ्साने विचारलं.

"कावले येतान गो. ह्यो दोर राखतंय."

धर्मा सावली शोधत वलांडीखाली शिरू लागला, तशी म्हातारी कडाडली. "ए हवालदारा, लांब ऱ्हा! तिकडं पंख्याखाली जाऊन बस!"

एकतीस वर्षं दरोडेखोरांना दटावलेला धर्मा निमूट मागे सरला. सरताना त्याला दिसलं की या दोरावर मधेच थोडे बोंबील शेपटीला दोरा बांधून उलटे टांगलेत. असेल काही नवी तऱ्हा, असं त्याने मनाशी म्हटलं.

"आजी, तुमच्या मते डबा कोणी रिकामा केला?"

"मांजरीनं," आवडाबाई ठामपणे म्हणाली. "मानसांवर कशाला आल घेता? मांजरीनं खाल्लान आसल."

परत येताना धर्माने तोंड वाकडं केलं. "म्हातारी लय खवट हाय. कावले म्हनं! बाकीच्या वलांड्यांवर कोन राखन करत न्हाय न् हिला उलट्या टांगलेल्या चार बोंबलांचं पडलंय."

हफ्सा थांबली.

"कसले उलटे?"

"शेपटाला दोरा बांधून. बाकीचे जबड्यात जबडा, हे एकटेच."

"धर्मादादा, परत जा. पाणी द्यायला म्हणून जा आणि ते किती आहेत मोजून या."

धर्मा तांब्या घेऊन गेला. शिव्या खाऊन पण आकडा घेऊन परत आला. हफ्साने आकडा ऐकला, घड्याळ पाहिलं आणि आज पहिल्यांदा निवांतपणे एक पेढा तोंडात टाकला.

*

सव्वा वाजता तिने सगळ्यांना मांडवात बसवलं. समारंभाच्या खुर्च्या आयत्याच होत्या. आवडाबाई उठायला तयार नव्हती. शेवटी धर्माने मांडवाच्या मागच्या टोकाला उभं राहून कावळे राखायची हमी घेतली, तेव्हा आली.

"पहिला संशय मांजरीवर," हफ्साने सुरुवात केली. "मांजर काटे टाकते, चुरा करते. गोदामात एक कण नव्हता. शिवाय सहा दहाला मांजर आत नव्हती आणि पावणेआठला बंद कुलपाआड होती. म्हणजे ती कोणीतरी आत कोंडली. कशाला? आळ मांजरीवर जावा म्हणून. आता सांगा, वैरी असता तर त्याने मांजर कोंडली असती? वैऱ्याला तर हवंच असतं की माणसांनी एकमेकांवर संशय घ्यावा."

परेशने धर्माकडे विजयी नजर टाकली.

"दुसरं म्हणजे सुतळी. परेशभाई म्हणाले तसं, ज्याला नासाडी करायची तो पाणी ओततो. घाईतला चोर सुतळी कापतो. प्रज्योतच्या हातात चाकू होता, त्याने कापलीच असती. रुचिताच्या नखांचा रंग शाबूत आहे, ती गाठ त्या नखांनी सुटली नसती. पण इथे गाठ सोडलीय आणि सुतळीची चार बोटांवर लडी केलीय. चोरी करतानासुद्धा ज्या हाताला सुतळी वाया घालवणं जमलं नाही, तो हात जाळं विणणारा आहे."

सगळ्यांच्या माना आवडाबाईकडे वळल्या. ती नथ सावरत समुद्राकडे बघू लागली.

"तिसरं, मासे गेले कुठे? खाडी वीस पावलांवर. फेकले असते तर कुणाला कळलं नसतं. पण खाण्याजोगी मासळी फेकायची हे या घरात कोणाच्या हातून व्हायचं नाही. मग सुके बोंबील लपवायचे कुठे? दहा हजार बोंबलांत. पाटीत घालून डोक्यावरून नेले आणि टांगले. बोंबील टांगणाऱ्या बाईकडे रेवदंड्यात कोण बघतं? फक्त एक अडचण होती. जबड्यात जबडा अडकवायला जोडीदार लागतो आणि यांचे जोडीदार होते कोलंबोच्या डब्यात. म्हणून ते एकटे, शेपटीला दोरा बांधून टांगावे लागले. धर्मादादांनी मोजलेत. किती?"

"चोवीस," धर्मा मागून ओरडला. हा आकडा आपण शोधला असं त्याला तोवर मनापासून वाटू लागलं होतं.

"आई!" मैनाच्या तोंडून हुंदका फुटला. "तुमी? माझ्या शब्दाचं काय व्हईल, न्हाय आठवलं?"

म्हातारीने कमरेची पिशवी घट्ट धरली.

"त्यांना तेच आठवलं, मैनाताई," हफ्सा हलकेच म्हणाली. तिने पर्समधली पुडी सोडून दोन बोंबील दाखवले. "हा तिसऱ्या गोणीतला. जबडा वाकलेला, तोंड उघडं. हा सदतिसाव्या गोणीतला. तोंड मिटलेलं, सरळ. जो टांगून सुकला त्याचं तोंड मिटत नाही. हा आडवा सुकलाय, ट्रेवर. कोलंबोच्या बाईंनी वलांडीवरचा माल मागितला होता. नमुना समोर ठेवला असता तर त्यांच्याही ते लगेच ध्यानात आलं असतं. सगळ्या गोण्या शिवल्या आजींनी, एकटीने. त्या हातांना मालातला फरक कळला नसेल?"

प्रज्योत उभा राहिला. चेहरा पडला होता.

"मी भरल्या शेवटच्या चार गोण्या," तो म्हणाला. "मधी चार दिवस आभाल व्हतं. दोरावरचा माल सुकलाच नाय. छत्तीसच गोण्या झाल्या. मला वाटलं, मासा तोच, बंदर तेच, नुसता सुकवला येगला. आईला बोललो असतो तं तिनं नाय म्हटलं असतं. आजी, तू मला बोलली का नाय?"

"काय बोलू?" आवडाबाई नातवाकडे वळली. "शेवटल्या गोनीत हात घातला तं कललं. आता नमुना समोर आला तं समद्या गावात माज्या नातवाचं नाव व्हईल. एक डबा रिकामा तं दुसरा नमुना म्हनून धरनार न्हाईत, मंग ती बाय नुसता माल बघल, न् माल तं बेसच हाय. मांजरीला काय, तिला कोन तुरुंगात टाकतंय?"

खलील धनसेंनी घड्याळ पाहिलं. "हफ्साबी, ती निघाली मांडव्याहून. अजूनही मांजरच म्हणू. चार गोण्या मागे सारू. कुणाला कळतंय?"

धर्माने मान डोलावली. त्याला तर मांजर सुरुवातीपासून पसंत होती.

मैनाने डोळे पुसले. "न्हाय चाचा. दर म्हैन्याला परेशभाई आपल्याला फसवतान म्हनून बोंब मारायची न् आपन पहिल्याच दिवशी शेजाऱ्याला फसवायचं? मी सांगनार. मंग ती जाऊ दे गुजरातला."

परेशने पेढा तोंडाजवळ नेला होता, तो परत खोक्यात ठेवला.

*

दिलिनी सेनाधीरा पन्नाशीची, सुती साडी नेसलेली, शांत चेहऱ्याची बाई होती. गाडीतून उतरताना तिने आपला डबा कुणाच्या हातात दिला नाही. मैनाने सगळं सांगितलं, रुचिताने ते इंग्रजीत सांगितलं. या वेळी तिने एक शब्द गाळला नाही. पाटीत ते चोवीस बोंबील आणून पुढे ठेवले.

बाईने त्यातला एक उचलून उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "चार गोण्यांचं तुम्ही सांगितलंत. त्या बाजूला काढा. छत्तीस मला चालतील, वाळवणीच्या खोलीतला माल मी वेगळा नमुना म्हणून नेईन, पावसाळ्यात तोच उपयोगी पडेल. पण मोहर तुटलीय. हे चोवीस त्याच दिवशीचे हे मी माझ्या माणसांना कशावरून सांगू? आमच्याकडे शिवणकामाच्या कारखान्यांतून बायका घरी पाठवल्यात, त्यांनी आपली पुंजी या धंद्यात घातलीय. पुरावा नसलेल्या मालावर त्यांचा पैसा मी लावू शकत नाही."

रुचिताने भाषांतर केलं. खलीलचाचांनी डोळे मिटले.

आवडाबाई उठली. काही न विचारता तिने कोलंबोच्या बाईच्या मांडीवरचा डबा उचलला, लाख नखाने उडवली, गाठ सोडली आणि सवयीने सुतळी कमरेला खोचली. डब्यातला एक बोंबील तिने डाव्या हातात धरला. पाटीतला एक उजव्या हातात. जबड्याला जबडा लावून पाहिला. बसला नाही. दुसरा घेतला. तोही नाही. मांडवातल्या बाया पुढे सरकल्या. सहावा घेतला आणि तो वाकलेला जबडा त्या वाकलेल्या जबड्यात आपोआप जाऊन बसला. म्हातारीने एकाला धरून उचललं, दुसरा लोंबकळत वर आला.

"ओला आसताना एकमेकात सुकले," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कोनात बसायचे न्हाय. ती लाख कोनीबी लावल गो. ह्यो जबडा कोन लावल?"

दिलिनीने ती जोडी हातात घेतली. सोडवली. मुद्दाम दुसऱ्याच बोंबलात अडकवून पाहिली. बसेना. परत त्याच्या जोडीदारात अडकवली, बसली. ती हसली. मग ती आणि आवडाबाई जमिनीवर समोरासमोर बसल्या आणि कुणाच्याही भाषांतराशिवाय दोघींनी मिळून चोवीसच्या चोवीस जोड्या लावल्या. शेवटची लागली तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या आणि मैना प्रज्योतच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

सह्या झाल्या. परेशने घसा साफ करून विचारलं की एखादी गोणी उरली तर तो घेईल, भाव ठीक देईल. मैनाने भाव ऐकला आणि पहिल्यांदाच त्याला चहा विचारला. धर्माच्या ताटात भाजलेले बोंबील आणि भाकरी आली. सौर वाळवणीचा एक, वलांडीचा एक, असं तो आलटून पालटून खात राहिला आणि निकाल राखून ठेवला.

निघताना पुढच्या मोसमाचा नमुना निवडायचा होता. दिलिनीने दोरावरच्या चोवीस जोड्या काढल्या. गेल्या वेळचं भाषांतर न झालेलं वाक्य रुचिताने तिला आता सांगितलं होतं. म्हणून तिने बारा जोड्या तशाच अखंड आपल्या डब्यात ठेवायला घेतल्या.

आवडाबाईने तिचा हात धरला. एकेक जोडी काढून घेतली आणि हलक्या बोटांनी सोडवली. एक कोलंबोच्या डब्यात, एक रेवदंड्याच्या.

"आजी, तूच म्हणाली होतीस ना, मोडू नको?" रुचिता म्हणाली.

"मोडायला पायजे," म्हातारी म्हणाली. "सांग तिला. न्हायतर परत कशाला येल ती?"

रुचिताने सांगितलं. दिलिनीने डब्याचं झाकण लावलं आणि सुतळीसाठी म्हातारीपुढे हात केला. आवडाबाईने कमरेची लडी काढून दिली.